कास्काझीच्या दिवसांतला नाताळ

आगमनकाळातल्या एका रविवारी केनियातल्या मोम्बासाच्या फ्रिअर टाउन भागातल्या चर्चमध्ये आजूबाजूच्या मंडळ्यांचे गायकवृंद जमले होते. मी राहते त्या रबाईकडच्या बायकांबरोबर मीही गेले होते. उपासना आटोपली, अंगणात चहाच्या किटल्या आणि महामरी नावाच्या तळलेल्या गोडसर पावांच्या पराती आल्या, आणि रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी मागे वळून विचारलं, कुठली तू? भारतातली म्हटल्यावर त्यांना विशेष काही वाटलं नाही. मोम्बासात भारतातून आलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. "भारतात कुठली?" मी म्हटलं, नाशिकची. त्यांनी हातातला कप शेजारच्या मुलाकडे दिला, माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "करिबू न्युम्बानी." घरी आलीस, ये. मग कप परत घेऊन ते सावलीतल्या बाकाकडे गेले आणि दुसऱ्या कुणाशी बोलू लागले. त्यांच्या दृष्टीने त्यात आणखी बोलण्यासारखं काही नव्हतं. मी मात्र परतीच्या मटाटूत, म्हणजे इथल्या खासगी मिनीबसमध्ये, मांडीवर कुणाची तरी टोपली आणि कानाशी गाण्याचा दणदणाट असताना, तेच शब्द घोळवत बसले. मी इथे पाहुणी आहे, सेवेसाठी आले आहे आणि एक दिवस परत जाणार आहे, हे मी मनाशी घट्ट धरून होते. त्या एका गोष्टीवर माझा सगळा तोल सांभाळलेला होता.

माझं बालपण शरणपुरातलं. आज नाशिककराला शरणपूर रोड म्हणजे रिक्षांची गर्दी, शोरूम आणि दवाखान्यांच्या पाट्या. आम्हा जुन्या ख्रिस्ती घरांना मात्र ठाऊक असतं की 1854 साली चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी ही वस्ती वसवली आणि पुढे काही वर्षांतच तिथे आफ्रिकन मुलामुलींसाठी आश्रम सुरू झाला. गुलामांची गलबतं अरबी समुद्रात इंग्रजी आरमाराच्या हाती लागायची, त्यांतली पोरं मुंबईला उतरवली जायची आणि तिथून नाशिकला यायची. सुतारकाम, लोहारकाम, शिवण, अक्षरओळख. 1865 मध्ये लिव्हिंग्स्टनने आपल्या शेवटच्या प्रवासासाठी यांतलीच नऊ मुलं बरोबर घेतली. नंतर त्याला येऊन मिळालेल्या नाशिकच्या मुलांपैकी जेकब वेनराइट हा तर लिव्हिंग्स्टनच्या मृतदेहाबरोबर थेट लंडनपर्यंत गेला. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत तो शवपेटीच्या मानकऱ्यांत होता. शाळेत आम्हाला लिव्हिंग्स्टन शिकवला, वेनराइट नाही शिकवला. आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर अक्षरं गिरवलेला मुलगा! मला हे ठाऊक झालं तेव्हा मी नर्सिंगही पूर्ण केलेलं होतं, आणि इकडे येण्याचा विचार खरा तिथेच कुठेतरी रुजला.

मग प्राइससाहेबांनाच सोसायटीने मोम्बासाला धाडलं आणि 1875 मध्ये फ्रिअर टाउन उभं राहिलं. नाव आपल्या मुंबईच्या जुन्या गव्हर्नराचं, सर बार्टल फ्रिअर यांचं. ज्या कराराने 1873 मध्ये झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला, त्यामागे तेच होते. शरणपुरात वाढलेले विल्यम जोन्स, जॉर्ज डेव्हिड, इश्माएल सेमलर हे इथले सुरुवातीचे शिक्षक आणि उपदेशक. मिशनच्या कागदांत त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हटलेलं आहे. त्यांना सांगितलं गेलं होतं की तुम्ही आपल्या घरी चालला आहात. पण त्यांच्यातले बरेच जण पकडले गेले होते ते पार आतल्या मुलखात, सरोवरांच्या बाजूला. हा किनारा त्यांनी पाहिला असेल तर बेड्यांत. इथली भाषा वेगळी, चालीरीती वेगळ्या, आणि अंगात नाशिकचं वळण. घरी आलात, असं त्यांनाही कुणीतरी म्हटलंच असेल. त्यांनी काय केलं असेल त्या शब्दांचं?

फ्रिअर टाउनची घंटा अजून आहे. गलबतं दिसली की धोक्याचा इशारा द्यायला ती वाजवत. आज ती एका छोट्या कमानीत टांगलेली आहे, भोवती वाहनांची झुंबड आणि फळवाल्यांच्या गाड्या. त्या थांब्याचं नावच केंगेलेनी, घंटेपाशी.

रबाई मोम्बासापासून वीस-पंचवीस किलोमीटर आत, चढावर. क्राफ आणि रेबमान या जर्मन मिशनऱ्यांनी 1846 मध्ये तिथे ठाणं मांडलं. क्राफ 1844 मध्ये मोम्बासाला आले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांची पत्नी रोझीन आणि नवजात मुलगी तापाने गेली. किनाऱ्याजवळ न्यालीला ते थडगं आहे. मी एकदाच गेले तिथे. मी रोज ज्या दवाखान्यात बसते तिथे सकाळपासून दुपारपर्यंत हाच ताप येतो, मलेरिया. बोटाच्या टोकाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीवर, पंधरा मिनिटं थांबायचं, दुसरी रेघ उमटली की गोळ्या. पहिली गोळी आता, दुसरी आठ तासांनी, आणि पोटात काहीतरी असू दे. वेळ समजावतानाही सवय लागते, कारण इथलं घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे आठ म्हणजे इथले दोन. सुरुवातीला मी गोळ्यांच्या पाकिटावर आकडा न लिहिता सूर्य काढायचे: उगवतीचा, डोक्यावरचा, मावळतीचा. आता आकडा लिहिते, पण बायकांना सूर्यच आवडतो, म्हणून तोही काढते. रोझीनच्या थडग्यापाशी उभी राहिले तेव्हा मला प्रार्थना सुचली नाही. तीन दिवसांच्या गोळ्या मिळत्या तर वाचली असती, एवढंच मनात येत राहिलं.

मिशनरी म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांपुढे गोरा माणूस उभा राहतो. इथेही तसंच. सुरुवातीला लोकांना मी दुकानदाराच्या घरची वाटायचे. दवाखान्यातली बाई चर्चमध्ये आमच्याबरोबर चटईवर बसते, हे पटायला वेळ लागला. रोजचं जगणं मात्र फार लवकर अंगवळणी पडलं. पहाटे मशिदीची बांग, पाठोपाठ कोंबडा, मग शेजारच्या मामांचा झाडू. सगळे त्यांना थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, मी नुसतं मामा म्हणते, कारण इथे आईला तोच शब्द आहे आणि माझी आई नाशिकला राहिली. पाणी नळाला येईल त्या दिवशी भरून ठेवायचं, पिवळ्या कॅनमध्ये. भाजी म्हणजे पालेभाजी, वर कधी सुकी मासळी. न्याहारीला महामरी आणि म्बाझी, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेली आपली तूर. वेलदोड्याचा वास तोच, नारळाचा वास तोच, पण तूर नारळात गोडसर शिजते याला जीभ सरावायला वेळ लागतो. आता मला फोडणीचं वरण आणि म्बाझी दोन्ही हवं असतं.

डिसेंबर लागला की कास्काझी सुरू होतो. हा ईशान्येकडचा वारा. याच्याच जोरावर कच्छ, मुंबई, मस्कतहून गलबतं इकडे यायची आणि एप्रिलनंतर कूसी वाहू लागला की परत फिरायची. किनाऱ्यावर उन्हाळ्याची सुरुवात. अंगाला मीठ चिकटतं, पांढरी माती चपलांत भरते, आणि आंबे येतात. होय, आंबे. न्गोवे नावाचा लांबट, टोकाला वळलेला आंबा नाताळाच्या आठवड्यात रस्त्याच्या कडेला ढिगाने असतो. चर्चमध्ये सुरूची फांदी चांदण्यांनी सजवलेली आणि बाहेर पोरांच्या कोपरापर्यंत रस ओघळतोय, हे पहिल्या वर्षी पाहून मला कसंसंच झालं. नाताळ म्हणजे माझ्या लेखी नाशिकची थंडी. कानटोपी घालून, पेटी सायकलला बांधून रात्री घरोघर गाणी म्हणत फिरायचं, हात कॉफीच्या कपावर शेकायचे. नानकटाईचे पत्रे डोक्यावर घेऊन भट्टीवर जायचं, आपला पत्रा ओळखायला कडेला खडूची खूण करायची, आणि भट्टीवाला एकदम पत्रा ओढून काढायचा तेव्हा जी गरम तुपाची लाट तोंडावर यायची ती. करंज्या, शंकरपाळी, चकल्या. शेजारच्या हिंदू घरांतून दिवाळीला आलेल्या ताटांची परतफेड याच फराळाने व्हायची. दारात कागदी चांदणी, आत साठ वॅटचा दिवा. हे सगळं आठवायला थंडी लागते. घामात ते आठवतच नाही नीट, आणि आठवत नाही याचंच वाईट वाटत राहतं.

सणाच्या दिवशी परदेशातल्या सेवकाचं काय होतं, याविषयी कुणी फारसं बोलत नाही. आमच्या तयारीच्या वर्गांत भाषा शिकवली, हिशेब शिकवले, तापाची औषधं शिकवली. एरवीच्या दिवशी माझ्या हातात काम असतं. कुणाचं पोर तापलेलं आहे, कुणाची जखम बांधायची आहे, आणि त्या कामामागे मी सुखाने उभी राहू शकते. नाताळाला दवाखान्याला कुलूप. त्या दिवशी मला कुणाला काही द्यायचं नसतं आणि दारात माणसं येत राहतात. मामा येतात, त्यांची सून येते, वाटेवरची पोरं येतात आणि हात पुढे करून विचारतात, "क्रिस्मसी यांगू इको वापी?" माझा नाताळ कुठाय? आपल्याकडे दिवाळीची पोस्त मागतात तसंच हे, हक्काने. नाण्यांची वाटी मी आदल्या रात्रीच भरून ठेवते. पण त्यांतली थोरली मुलगी एका वर्षी वाटीकडे न बघता आत आली, सतरंजीवर बसली आणि म्हणाली, तुझ्या घरी आज कोण आलं नाही का? मी म्हटलं, तू आलीस की. तिला ते उत्तर पुरलं नाही. ती जेवणापर्यंत हलली नाही.

चोवीस तारखेची रात्र म्हणजे म्केशा, जागरण. आपल्याकडे मध्यरात्रीची उपासना तासा-दीड तासात आटोपते. इथे रात्रभर गाणी चालतात. गायकवृंदाच्या बायका एकाच ताग्यातले झगे शिवतात. ढोल असतो, आणि कायांबा. कायांबा म्हणजे बोरूच्या काड्या ओळीने बांधून केलेली चपटी पेटी, आत बिया. दोन्ही तळव्यांत आडवी धरायची, इकडून तिकडे झुलवायची आणि अंगठ्यांनी वरून ठोकायचं. आवाज पावसाच्या सरीसारखा येतो. मला वाटलं होतं हातात टाळ धरलेल्या माणसाला हे सोपं जाईल. अंगठा एका तालात आणि मनगट दुसऱ्या, हे काही केल्या जमेना, तेव्हा मामांनी मागून माझी दोन्ही मनगटं धरली आणि एक अख्खं गाणं माझ्या हातांनी वाजवलं. पहाटे मुलं आईच्या लेसोत, म्हणजे अंगाला गुंडाळायच्या छापील कापडात, गुरगुटून बाकांखाली झोपलेली, कुणी फोनवरून अर्पण पाठवतंय, कुणी कोंबडी आणली आहे आणि ती खांबाला बांधलेली. सकाळच्या उपासनेनंतर त्या कोंबडीचा, नारळांचा, अंड्यांचा अंगणात लिलाव. आमच्या कापणीच्या सणाला शरणपुरात भोपळ्याचा लिलाव व्हायचा तेव्हा पाळकसाहेब स्वतः बोली चढवायचे. इथेही पाळकच बोली चढवतात, आणि घेणारा तीच वस्तू पुन्हा दान करतो, पुन्हा बोली लागते. एक नारळ सकाळभर विकला जातो.

जेवणाची तयारी आदल्या दुपारपासून मामांच्या अंगणात. खोबरं खवायला इथे म्बूझी असते. बुटकं, फुलीसारखं उघडणारं लाकडी आसन, पुढे लोखंडाची दातेरी जीभ. त्यावर बसायचं, अर्धा नारळ तळहातात धरून जिभेवर फिरवायचा, खाली परात. आपली विळीची खवणी वापरलेल्या हाताला फक्त बसण्याचीच अडचण, बाकी मनगट आपोआप फिरतं. मी फिरवू लागले तशी दोघी-तिघी थांबून बघत राहिल्या. मग माझ्यापुढे नारळांची अख्खी रास आली. खवलेलं खोबरं विणलेल्या किफुम्बूत भरून पिळायचं. पहिलं घट्ट दूध भातासाठी बाजूला, दुसरं पातळ दूध आधी शिजायला. एकीकडे पिलावासाठी जिरं, लवंग, दालचिनी भाजली जाते, एकीकडे चपात्या. चपाती इथे सणाचं पक्वान्न आहे. रोज उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सणाला चपाती. मैद्याची कणीक, लाटून तेल लावायचं, गुंडाळी करून शंखासारखी वळायची, पुन्हा लाटायची आणि कोळशाच्या जिकोवर तेल सोडून भाजायची. भारतातली बाई म्हणजे चपातीची उस्ताद, या समजाने त्यांनी लाटणं माझ्या हातात दिलं. मी घडीची पोळी केली, तव्यावर ती टम्म फुगली. बायका खूश झाल्या, एकीने मोबाइलवर चित्र काढलं. पण खाताना सगळ्यांनी आपल्याच चपात्या घेतल्या, कारण माझी पातळ होती आणि रश्शात भिजून तुटत होती. त्यांचं बरोबर होतं. तो रस्सा त्या चपातीसाठीच केलेला आहे.

मी करंज्या करते त्या ओल्या नारळाच्या, कारण नारळाला इथे तोटा नाही. पलीकडच्या मुसलमान घरात एक ताट जातं, ईदला तिथून हलवा येतो. ही देवघेव मला शिकावी लागली नाही. एक गोष्ट मात्र अजून मनात सुटत नाही. रबाईच्या डोंगरावर काया आहे, इथल्या मिजिकेंदा लोकांचं जुनं राखीव रान, जिथे फांदी तोडायची नाही आणि चप्पल घालून जायचं नाही. आपल्याकडच्या देवरायांसारखं. 2008 मध्ये ही रानं जागतिक वारशाच्या यादीत आली. मामांचे सासरे कायातल्या वडीलधाऱ्यांपैकी होते आणि मामा मंडळीच्या ज्येष्ठ सभासद. नाताळाच्या जेवणाआधी पाळक प्रार्थना करतात, आणि मग मामा एक घास काढून अंगणाच्या कडेला ठेवतात. कुणी काही विचारत नाही. आमच्या मिशनच्या जुन्या अहवालांत अशा घासाविषयी काय लिहिलं गेलं असतं ते मला ठाऊक आहे. माझ्या आजीनेही पितृपक्षात कावळ्याला घास टाकणं बाप्तिस्म्यानंतर सोडलं होतं आणि तरी त्या पंधरवड्यात तिचं जेवणात लक्ष नसायचं. मामांना मी त्याबद्दल काही बोलले नाही, बोलणारही नाही. माझा विश्वास त्या घासाने डळमळत नाही, आणि मामांचा तर माझ्याहून पक्का आहे.

रबाईचं नवं वर्षही मला आता वेगळं लागतं. मळ्यांतून पळालेले गुलाम इथल्या मिशनच्या आसऱ्याला यायचे आणि मालक त्यांच्यावर हक्क सांगत यायचे. शेवटी इम्पिरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या जॉर्ज मॅकेन्झी यांनी मालकांना भरपाई दिली आणि 1889 च्या 1 जानेवारीला रबाईत सुमारे 1400 माणसांच्या हातात मुक्ततेचे कागद पडले. त्यांना आधी आसरा देणाऱ्यांत विल्यम जोन्स होते. शरणपूरचे. ज्याला लहानपणी गलबतातून उतरवलं, त्याने मोठेपणी इथे दार उघडं ठेवलं. आम्ही 31 डिसेंबरच्या रात्री जागतो तेव्हा पाळक नावं घेऊन उपकार मानतात: गेलेल्यांची, जन्मलेल्यांची, परगावी असलेल्यांची. त्यात नाशिकहून आलेले असा उल्लेख होतो तेव्हा मला पहिल्यांदा वाटायचं की तो माझ्याविषयी आहे. तो त्यांच्याविषयी असतो. मी त्यांच्या मागोमाग आलेली. फ्रिअर टाउनच्या त्या आजोबांनीही मला त्यांच्याच रांगेत उभं केलं होतं, आणि ते कळल्यापासून पाहुणी म्हणवून घेणं मला जड जातं. घर म्हणावं एवढं धाडस अजून होत नाही. पण यंदा पोरांनी नाताळ मागितला तेव्हा मीही मामांच्या दारात जाऊन माझा नाताळ मागितला. त्यांनी मला लेसोची जोडी दिली, लाल-काळी, काजूच्या छापाची, आणि वर दटावलं की इतकी वर्षं मागायला का आली नाहीस.

शरणपूरच्या मंडळीतल्या तरुणांचा गट इकडे यायचं म्हणतोय. कधी येऊ, असं त्यांनी विचारलंय. फेब्रुवारी सोयीचा, पाऊस नसतो, रस्ते कोरडे, दवाखान्याच्या भिंती रंगवून होतील, असं तिकडच्या वडीलधाऱ्यांचं मत आहे. मी त्यांना डिसेंबरचा तिसरा आठवडा कळवलाय. विमानाचं तिकीट महाग पडेल, मटाटूवाले त्या दिवसांत वाटेल ते भाडं घेतात, अख्खा देश गावाकडे निघालेला असतो आणि बसायला जागा मिळत नाही. दवाखाना बंद असेल आणि रंगाचा ब्रश कुणाच्या हाती देणार नाही. औषधं आणू नका, जुने कपडे आणू नका. पेटी आणा, चकलीचा सोऱ्या आणा, आणि रात्रभर जागायची तयारी ठेवा. मुलींची झोपायची सोय मामांकडे झाली आहे, मुलगे पाळकांच्या ओसरीवर. कोंबड्या किती लागतील ते मामा मला रोज विचारतात, तेव्हा नक्की किती जण येताय ते लवकर कळवा.